तापल्या भिंतीजवळचा तरवड

बीबीसाहेब,

काल सुनेनं पश्चिमेच्या भिंतीशी मोगरा लावायला खड्डा घेतला आणि मी ओट्यावरूनच ओरडले, "तिथं नको गं, ती भिंत लई तापती!" ती हसली. म्हणाली, "आत्याबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. हे मी तुम्हाला शिकवलं होतं, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही मला अक्षरं दिली होती. ही देवाणघेवाण घरात कुणालाच ठाऊक नाही.

तुमचे मालक, फौजदारीवरचे अमीनसाहेब, आमच्या नेकनूरला बदलून आले, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आमचं घर मेंढ्या-शेळ्या राखणारं. अमीनसाहेब ठाण्यातून दिवे लागल्यावरच घरी येत, आणि पडद्यामुळे तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हता. सकाळी शेळीचं दूध घेऊन मी यायची तेवढीच बाहेरची वर्दळ. त्या दिवशी तुम्ही अंगणात उकिडव्या बसून रडत होता. समोर गुलाबाची पाच रोपं. हैदराबादेहून, तुमच्या आईच्या बागेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी रेल्वेनं आणि मग बैलगाडीनं आणलेली. चार वाळून कोळ झालेली. पाचव्याला दोन पानं.

"बीबीसाहेब, ह्ये इथं न्हाई जगायचं," मी म्हणाले. "दिसभर ऊन हाय इथं. वरून भिंतीची धग."

तुम्ही डोळे पुसले. "फिर क्या जगता इधर?"

"तरवड जगतो. कोरांटी जगती. माळावर कोन पानी घालतंय त्यास्नी?"

"वो तो जंगली है गे."

"शेळीबी त्वांड लावत न्हाई," मी म्हणाले. मला ती मोठी थोरवी वाटत होती. तुम्हाला एकदम हसू फुटलं. तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेतलं. चुलीतला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर अंगणाचा चौकोन काढलात आणि विचारलंत, सकाळी ऊन कुठं येतं, दुपारी कुठं, कोणत्या कोपऱ्यावरून लवकर हटतं. मी दारातून बघून सांगत होते, तुम्ही रेघा ओढत होता. घराच्या पूर्वेला कडुनिंबाखाली दुपारनंतर सावली. तिथं तुमची कुंडीतली जाई हलवायची ठरली. मधली मुरमाड जागा आणि घराची ती पश्चिमेची भिंत माझ्या झाडांना. जिथं सगळ्यात जास्त ऊन, तिथं तुम्ही उर्दूत काहीतरी लिहिलंत. मी विचारलं, ह्ये काय? "धूप," तुम्ही म्हणालात, म्हणजे आमचं ऊन, आणि माझं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलंत. बोट काळं झालं. घरी जाईपर्यंत मी ते धुतलं नाही.

मग आपला सौदाच ठरला. मी एक झाड सांगायचं, तुम्ही एक अक्षर. कोरांटीच्या काड्या मी पावसाळ्यात खोचल्या, काट्यांनी दोघींचे हात ओरबाडले. तरवड मोठा उपटून आणला तर मरतो, म्हणून त्याच्या शेंगा आणून बी टाकलं. विष्णुक्रांता तर मुरमात आपली आपणच आली. ती इवली निळी फुलं तुम्ही पाय उचलून ओलांडायचात.

आणि मग मी तो गुलाब उपटला. पाचवा. त्याची दोन पानंही गळली होती, जागा मोकळी करावी म्हणून तुम्ही नमाजाला बसलेल्या असताना मी तो ओढून काढला. तुम्ही आलात, काडी हातात घेतलीत, नखानं साल खरवडलीत. आत हिरवं होतं.

"किसकू पूछके निकाली?" एवढंच. आवाजही चढवला नाहीत. ती काडी पदराखाली घेऊन तुम्ही आत गेलात.

मी आठ दिवस फिरकले नाही. शेवटी आईनं पाठीत धपाटा घातला, "का म्हून बसलीस? दूध काय चालत जाईल?" मी दारात दूध ठेवून पळणार होते. तुम्ही हाताला धरलंत. काडी तुम्ही रांजणाजवळ सावलीत लावली होती. तीही वाळून गेली होती. म्हणालात, "तूने उखाडी, सच है. मगर धूप में तो मैंच लगाई थी." मग मला आत नेऊन राहिलेली आठ दिवसांची अक्षरं एका बैठकीत गिरवून घेतलीत. गय केली नाहीत.

दुसऱ्या वर्षी तरवड फुलला. भिंत तव्यासारखी तापलेली, आणि तिच्यापुढं पिवळंधमक झाड. तुम्ही आईला पत्र लिहिलंत आणि मला वाचायला लावलंत. अडखळत मी वाचते आहे, "अम्मी, मेरे आंगन में सोना फूला है," आणि तुम्ही चुलीशी भाकरी थापायची सोडून ओठ हलवता आहात.

त्या वाचनानं माझा संसार उभा राहिला, बीबीसाहेब. उमापूरला सासरी आले तेव्हा सरकारी कागद उर्दूत येत. बाईमाणूस वाचतं म्हणून सासरे आधी चिडले. मग एक दिवस गुपचूप कागद चुलीशेजारी ठेवून खाकरले. आता गावातल्या बायका कागद पदरात लपवून माझ्याकडं येतात. तुम्ही या जगातून गेल्याचंही मला कागदानंच कळलं. नेकनूरला तुमच्या जागी आलेल्या नव्या अमीनांच्या घरच्या बाईनं दाखवलेलं पत्र मीच मोठ्यानं वाचत होते. बदलीच्या गावी, पहिल्याच पावसाळ्यात, तापानं. वाचता येतं याचा तेवढा एकदाच राग आला.

तुम्ही नेकनूर सोडलंत त्या सकाळी मला बोलवायला शिपाई पाठवला होता. आईनं त्याला सांगितलं, पोरगी मेंढ्यांमागं गेली. तुम्ही माझ्यासाठी दिलेली तख्ती, लिहायची लाकडी पाटी, आणि कलम त्यानं दारात ठेवलं. बैलगाडी आमच्या वाटेवर बराच वेळ उभी होती म्हणे.

मी मेंढ्यांमागं गेले नव्हते. घरातच धान्याच्या कणगीमागं बसले होते, आणि आईला खोटं बोलायला मीच लावलं होतं. तुम्ही जाताय, हे तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

हे पत्र तुम्हाला न येणाऱ्या लिपीत लिहिलंय. ही मी लेकाच्या पाटीवरून शिकले. दोनदा उर्दूत लिहायला बसले होते. दोन्ही वेळा कणगीच्या गोष्टीपाशी येऊन हात थांबला.