दादा, ती घाण नव्हती

प्रिय बस्त्यावदादा,

काचेची टाकी मी केली. पाच काचा, कडा हातानं घासलेल्या. एक थेंब गळत नाही. पाणी गाळायचं यंत्र पीव्हीसी पाइपचं, तेही मीच जुळवलं. भिंगाचा स्टँड जुन्या सायकलच्या दांड्यातून काढला. शिकवायला कोणी नव्हतं. हे सगळं कशासाठी, तुला ठाऊक होतं ना? मऊ प्रवाळावर राहणाऱ्या बारक्या समुद्री गोगलगाई मला जिवंत बघायच्या होत्या!

तुझ्या जाळ्यात खडकावरचं प्रवाळ अडकायचं, जांभळं, पंख्यासारखं. तू ते बादलीतून घरी आणून द्यायचास. मी भिंग लावून तासन्‌तास बसायचो. एकही गोगलगाय नाही. मग छाती ठोकून सांगत सुटलो, आपल्या पाचूबंदरच्या समुद्रात त्या नाहीतच!

आणि तू धक्क्यावर सगळ्यांसमोर ओरडायचास, "आमचा इनास सायंटिस! मासं सोडून काड्या बगतो!" लोक हसायचे, मीही हसायचो. मला ते कधीच आवडलं नाही, दादा.

काल वहिनी बादली घेऊन आली. तू गेल्यापासून बोट खलाशी नेतात, जाळं तीच झाडते.

"भावजी, आज घान तशीच हाय. ते सुरीनं खरवडून मंगच तुमाला द्यायचे. मना नाय जमत."

"कसली घाण?"

"ते बारीक किडं नाय का? म्हनायचे, भावाच्या घरात घान न्यायची नाय."

भिंग लावलं. तीन गोगलगाई होत्या. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. शंखावर स्वतःचंच कातडं ओढलेलं, प्रवाळाच्याच जांभळ्या रंगाचं, वर ठिपकेही त्याच्या फुलांसारखे. एक फांदीवरून सरकली आणि मी हाक मारायला तोंड उघडलं. कोणाला हाक मारणार होतो?

सुरी लावण्याआधी एकदा विचारायचंस! भिंगाला एकदा डोळा लावला असतास, तरी तुला कळलं असतं. तुझी नजर माझ्याहून तेज. पण वाकलास कधी? "नंतर बगू." कुठलं नंतर?

मायेनं खरवडलंस, म्हणून तर राग जास्त येतो. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

उद्या बोटीवर मी स्वतः जातो. हे प्रवाळ तिघींसकट त्याच खडकावर सोडीन, हा शब्द. संध्याकाळी विरारचा शोभेच्या माशांचा दुकानदार येऊन गेला. कोणाच्या तरी बंगल्यातल्या टाकीसाठी त्याला हे हवं होतं, गोगलगाईंसकट. जागेवर चाळीस हजार देत होता. नाही म्हटलं.

तुझा,
इनास