हिला हा वास चालत नाही

प्रिय आई,

हे पत्र बाबांबद्दल आहे. लगेच घडी घालून मावशीच्या उशीखाली सारू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोनवर त्यांचं नाव निघालं की तुला एकदम गॅसवर काहीतरी उतू जातंय असं आठवतं, म्हणून लिहायला बसले. आणि तुला परत बोलवायला हे लिहीत नाहीये. बाबांची वकिली करायची असती तर तू निघालीस त्या दिवशीच केली असती. तुझी बॅग जिन्यावरून मीच उतरवली होती, विसरली नसशील.

माझं काम नक्की काय, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू मावशीच्या शेजारणींना 'ती ऑफिसात विचारपूस करते' असं सांगतेस, ते तसं खरंच आहे. आठ-दहा साध्या माणसांना एका खोलीत गोल बसवायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि साबण, पेस्ट, पंखा अशा कुठल्या तरी वस्तूवर मनातलं बोलायला लावायचं. ह्याला आम्ही ग्रुप म्हणतो. खोलीच्या एका भिंतीला मोठा आरसा असतो. आत बसलेल्यांना तो आरसा, आमच्या बाजूने ती खिडकी. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत कंपनीचे लोक बसून सगळं बघतात आणि कोपऱ्यात मी टिपणं काढते. पलीकडून कुणी बघतंय हे आतल्यांना आधी सांगतात, तशी सहीही घेतात. पण माणूस ते लगेच विसरतो आणि त्याच आरशात बघून दातात अडकलेलं बिस्कीट काढतो. मग आमच्या बाजूला हशा पिकतो. कंपनीचे लोक कोपरापर्यंत हात घालून चिप्स खात असतात आणि समोरच्या माणसांना नावं ठेवत असतात: हा टकल्या, ही रडूबाई, तो खोटारडा. इतकी वर्षं मीही त्यात हसत आले.

माणसांना बोलतं करणाऱ्या बाईला आम्ही साखरबाई म्हणतो. जिभेवर साखर आणि कानात आमच्या खोलीतून जाणारे हुकूम. माणूस काही जिव्हाळ्याचं बोलला की आमच्या बाजूने हुकूम सुटतो, खोदा. मग साखरबाई मान वाकडी करून विचारते, म्हणजे कसं हो? तेव्हा काय वाटलं हो? हाडाला लागेपर्यंत खोदायचं. आमच्या धंद्यात ह्यालाच कसब म्हणतात.

तर दोन महिन्यांपूर्वीचा एक ग्रुप कपडे धुण्याच्या पावडरीचा होता. कंपनीने तिचा वास बदललाय, फुलाबिलांचा केलाय, आणि तो कसा वाटतो ते विचारायचं होतं. माणसं हवी होती ती अशी: निवृत्त पुरुष, घरात बायको, आणि धुणं स्वतः लावणारे. अशी जमात अस्तित्वात आहे ह्यावरच माझा विश्वास नव्हता. पण माणसं गोळा करून आणणारा आमचा भरतीवाला वाळूतूनही तेल काढेल. दार उघडलं, एकेक म्हातारा येऊन बसायला लागला आणि त्यात बाबा आत आले.

आई, आपलेच बाबा. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस, हात मांडीवर. लग्नाला आल्यासारखे बसले होते. भरतीवाल्याने घरी कोण कोण असतं विचारलं असणार आणि बाबांनी नेहमीसारखं 'आम्ही दोघं' म्हणून ठोकून दिलं असणार. नात्यातलं कुणी निघालं तर तिथल्या तिथे सांगायचं, असा आमचा नियम आहे. मी नाही सांगितलं. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही तो धुण्याबद्दल काय दिवे लावतो, ते मला ऐकायचं होतं.

आणि लावले की! पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे, उन्हात काय घालायचं, सावलीत काय, सगळं घडाघडा. मग साखरबाईने नव्या पावडरीची वाटी फिरवली. बाकीच्यांनी नाकं घातली आणि छान छान म्हणाले. बाबांनी वाटी हुंगली आणि लगेच पुढे सरकवली. म्हणाले, हिला हा वास चालत नाही. उग्र वासाने हिचं कपाळ दुखतं, उजव्या बाजूने सुरू होतं, मग ही दिवसभर काही खात नाही.

आमच्या बाजूला काय झालं सांगू? कंपनीतली एक नवी पोरगी, इंग्रजीत शिकलेली, तिने वहीत लिहिलं, 'ही', दुसऱ्या कंपनीची पावडर? आणि मला विचारलं, ही 'ही' बाजारात कधी आली? मी म्हटलं, चाळीस वर्षं झाली, आता मिळत नाही. तिने तेही लिहून घेतलं.

तेव्हा मला हसू आलं होतं, पण मागोमाग असा संताप चढला की काय सांगू. उजव्या बाजूने! म्हणजे माहीत होतं! तू डोक्याला फडकं बांधून पडायचीस, तेव्हा हा माणूस दाढी करून ते भगभगीत लोशन गालांवर थापत त्याच खोलीतून फिरायचा. 'बरं नाही का' एवढे दोन शब्द कधी तोंडातून निघाले नाहीत. ते आता आठ परक्या म्हाताऱ्यांसमोर, चहा-बिस्किटांवर! मला बाबांचीही शिसारी आली, खोटं कशाला बोलू?

कंपनीच्या साहेबांनी हुकूम सोडला, खोदा. साखरबाईने मान वाकडी केली. मग बाबा तुझ्या निळ्या गाऊनबद्दल बोलले, जो तू बाथरूमच्या दारामागे विसरून गेलीस. तो ते दर आठवड्याला धुतात म्हणे. साखरबाईने विचारलं, ताई रोज घालतात का? बाबा म्हणाले, नाही, सध्या ही बहिणीकडे असते. मग धुता कशाला? तेव्हा बाबा आरशाकडे बघत, म्हणजे अगदी माझ्याकडे बघत, म्हणाले, "नुसता टांगून ठेवला की कपडा कोंदटतो हो. ही आली आणि अंगात घातला, तर तिला वाटायला नको, की इथं आपली कुणी वाट बघत नव्हतं."

आमच्या खोलीत साहेबांनी मांडीवर थाप मारली, म्हणाले, सोनं आहे सोनं! चिप्सची पिशवी बाजूला ठेवून ते आणि त्यांचे लोक वाद घालायला लागले. बहिणीकडे असते ह्यात मजा नाही म्हणाले, वारलेली असती तर किती छान झालं असतं. हे मी कानांनी ऐकलं, आई. मग त्यातून वाट निघाली. जाहिरातच तर आहे, वारलेली दाखवू.

ग्रुप संपल्यावर सगळ्यांना नव्या पावडरीचा डबा भेट देतात. बाबा तो टेबलावरच ठेवून निघाले. मी धावत खाली गेले, तर फाटकाशी उभे. मला बघून असे दचकले की शाळा चुकवून पकडलेला पोरगा बरा. इकडे कुठे, विचारलं तर म्हणाले, बँकेत आलो होतो. तिथे जवळपास बँकच नाही. मीही बरं म्हटलं. घरी येऊन जा म्हणाले आणि गेले.

मी वर जाऊन आमच्या ऑफिसच्या मुख्य बाईंना सांगितलं, ते माझे वडील आहेत, त्यांचं सगळं काढून टाका. बाईंनी बाबांची सही दाखवली. आत बोललेलं सगळं कंपनीचं. मी माझ्या टिपणांतून ते काढलं, पण रेकॉर्डिंग साहेबांकडे आधीच पोचलं होतं. मी नोकरी सोडतेय, महिनाअखेरपर्यंतच आहे. त्यावर भाषण देऊ नकोस, मावशीलाही देऊ देऊ नकोस.

काल ऑफिसात ती जाहिरात दाखवली. पांढऱ्या मिशांचा एक देखणा नट आहे, भिंतीवर हसऱ्या बाईचा फोटो आहे. नट गाऊन धुतो, नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि बाबांचं वाक्य म्हणतो, अगदी तसंच्या तसं, फक्त 'ही आली' च्या जागी 'ही असती'. आणि खाली डबा येतो तो त्याच नव्या वासाचा, जो बाबांनी वाटीसकट पुढे ढकलला होता. टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आले.

तू म्हणशील, मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हण. पण पुढच्या आठवड्यापासून ही जाहिरात मालिकांच्या मधे मधे लागणार, आणि मावशीचा टीव्ही दिवसभर चालू असतो. तू भाजी निवडत बसलेली असशील आणि ते वाक्य एका भाड्याच्या नटाच्या तोंडून तुझ्या कानावर पडेल, तेही तुला मारून टाकल्यावर. ते वाक्य तुझं होतं. बाबांनी ते भलत्या खोलीत खर्च केलं, मी ते विकलं जाताना बघितलं, आता निदान आधी तुझ्या हातात तरी द्यावं म्हणून हे पत्र. त्याचं काय करायचं ते तू ठरव. त्यांना फोन लावून 'इतकी वर्षं तोंडाला कुलूप होतं का' म्हणून शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाल. जाहिरातीतल्या बाईला तेवढं एक जमणार नाही.

तुझीच,
बॅग उतरवणारी