भूगोलाचा मास्तर समुद्रावर

मुरूड, १३ एप्रिल १९७१

ती. रंगनाथरावांस भिमाजीचा नमस्कार. केडगावी आपली कंबर आणि विहीर दोन्ही बऱ्या असाव्यात. आपली बहीण मुक्ता आपल्याकडे आल्यापासून मला पत्र नाही. त्यावरून तिचीही प्रकृती उत्तम आहे, असे समजलो.

तिने कारण सांगितले असल्यास ते खरे आहे. आमटी अळणी होती. मी म्हणालो, मला कुणाची गरज नाही, समुद्रावरही एकटा राहीन. ‘ऱ्हावा की,’ ती म्हणाली, ‘घरात चहा तरी एकट्यानं करता येतो का तुमाला?’ आणि ट्रंक घेऊन निघाली. शब्द तोंडातून गेला होता, तो पाळणे आले (त्याखेरीज माझ्याजवळ दुसरे होते काय). पंधरा दिवसांची रजा टाकून रेवदंड्याला शिडाची होडी मिळवली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो.

पहिला दिवस निसर्गशोभेत गेला. होडीच्या कडेवर ओणवा होऊन पाणी फार जवळून पाहिले. पोटात काही उरले नाही की चैत्रातली हवा खरोखर आल्हाददायक वाटते.

काल सकाळी इथल्या धक्क्याला लागलो. होडी कडीला आखूड दोरीने बांधली, बैल बांधतो तशी (शेजारच्या पिकात शिरू नये म्हणून). चहा, दाढी उरकून दुपारी परतलो, तर पाणी निघून गेले होते. आपल्याकडे पाणी गेले की गेले; इथले रोज दोनदा जाऊन परत येते. होडी नाकाने कडीला लोंबकळत होती. स्टोव्ह, तांदूळ, अंथरूण चिखलात. जाळे विणत बसलेले जैनुद्दीन नावाचे म्हातारे खलाशी म्हणाले, ‘मास्तर, फाशी दिलीत का तिला? शाळेत शिकवता तरी काय?’ कर्जतला अकरा वर्षे मी भरती-ओहोटी शिकवतो, फळ्यावर चंद्र काढून. मी गणित म्हणालो.

आज पुन्हा निघालो. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाची दोरी, टोपीला तिसरा हात नाही. टोपी पुढे गेली आहे. मी अर्ध्या मैलावरून परतलो. एकांत मात्र उत्तम. दिवसभर कुणी बोलत नाही. जेवताना मीच दोनदा ‘मीठ दे’ म्हणालो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
भिमाजी

ता. क. : हे पत्र मुक्ताला वाचून दाखवू नये.

आणखी ता. क. : दाखवल्यास बैलाचा भाग गाळावा.

शेवटचा ता. क. : पुढच्या शनिवारपर्यंत मी इथेच आहे. तिला पुण्याच्या गाडीत बसवून द्यावे, तिथून घ्यायला मी येतो. शीड वळवताना दोरी धरायला माणूस लागते. नाहीच म्हणाली, तर मी इथे एकटा आनंदात आहे, एवढे मात्र सांगू नका. ती विश्वास ठेवेल.