नळीतली साय

३ जून
लागली एकदाची नोकरी! दूध कारखान्यात तपासनीस. टाक्या इतक्या लख्ख, की एकीत बघून मी केस सारखे केले. फोरमनकाका हसून म्हणाले, "ताई, इथे माशीसुद्धा पाय पुसून येते."

५ जून
काल परीक्षानळीतल्या जंतूंवर आमचं जंतुनाशक टाकलं होतं. आज त्यातला थेंब पसरलेल्या बशीत जंतूंचा एकही ठिपका उगवला नाही. सगळे खलास! मालक खूश, मीही खूश.

९ जून
तरी पिशव्यांतलं दूध नासतंय. तक्रारींचा पाऊस. म्हणून आज दूध वाहणाऱ्या नळीच्या सांध्यातली रबरी चकती काढली. खाली पिवळट, बुळबुळीत थर. बोटाला लागला तो शेंबडासारखा लांबत गेला. ओल्या मोज्यात दही विरजावं तसा वास. काकांना विचारलं, नळ्या घासता कधी? म्हणाले, घासायच्या कशाला, औषध फिरवतो की रोज.
थर खरवडून तपासला. वरचे जंतू मेलेले, आतले मजेत. मेलेल्यांचंच पांघरूण घेऊन बसलेत मेले!

१२ जून
मालकांना म्हटलं, काम थांबवा, नळ्या सोडवून ब्रशने घासू, मग औषध. ते म्हणाले, काम थांबणार नाही, औषध दुप्पट करा. केलं. डोळ्यांची आग झाली. थर तसाच. छे, तसाच नाही. जाड झालाय.

१३ जून
फिटरने लांब नळी उघडली. आतून अख्खं अस्तरच सरकत बाहेर आलं. सापाच्या कातीसारखं, पण ओलं. त्यावर औषध ओतलं, तर अस्तर आखडलं. अंग चोरल्यासारखं. मी पाहिलं. फिटरनेही. तो बाहेर जाऊन भडभडा ओकला.

१४ जून
घास उतरत नाही. जिभेवर बोट फिरवलं — बुळबुळीत. दात घासले. परत घासले. हिरड्यांतून रक्त. नवरा म्हणतो, पुरे आता —

१५ जून
मुख्य झडप बंद करून कुलूप घातलं. मालक सगळ्यांदेखत ओरडले, हिला वेड लागलंय. टाकीतून पेलाभर दूध काढलं. बघा, मी पितो म्हणाले. काकांनी हात धरला. तो झटकून घटाघटा प्यायले.
पेला खाली ठेवला. पण काठापासून ओठांपर्यंत — दोरी. पिवळट. त्यांनी ती ओढली. तुटेना.

डॉक्टर निघालेत. मालक माझ्यासमोर खुर्चीत. बोलता येत नाही, नुसते ओढताहेत. टेबलावर ढीग — हलतोय —

काका ओरडले, ओढणं थांबवा. मालकांनी हात सोडले.
दोरी थांबली नाही. ती आता उलटी, परत आत —