मेजावरचा द्राक्षारस

४ मार्च, मंगळवार

धाकटा आज गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करीत होता. "प्रभू, माझी मदत कर." मी दारातूनच म्हणालो, "मला मदत कर, असे म्हणावे." तो हसला. "दादा, त्याला कळतं रे."

त्याला कळते म्हणून आपण वाटेल तसे बोलावे काय? मी सारे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात, चुका काढण्यात घालवले. बोलण्यात ढिला असलेला मनुष्य पिण्याच्या बाबतीत घट्ट राहील, हे मला पटत नाही.

हिवाळाभर हा भाऊ माझ्याकडे आहे. दारू सुटली, म्हणतात. त्याला प्रभूच्या मेजावर, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाला, पुन्हा घ्यायचे की नाही, हे येत्या रविवारी ठरेल — माझ्या साक्षीवर. ज्याच्या घरी असा मनुष्य राहतो त्याने उपासनेत उभे राहून सांगावे, अशी आमच्या मंडळीची रीत आहे. त्याच्या बायकोचा निरोप आला आहे: "मंडळीनं घेतलं तर मीही घरात घेईन."

५ मार्च, बुधवार

प्रभुभोजनाचा द्राक्षारस माझ्याच कपाटात कुलूपबंद असतो. आज बाटली काढली, बूच सैल केले आणि जेवणाच्या मेजावर, त्याच्या ताटासमोर ठेवली.

"हे काय, दादा?"

"मोह. समोर असेल तरच त्याच्यावर विजय मिळतो."

त्याने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. संध्याकाळी मी बाटली भिंतीच्या बाजूला ठेवली.

६ मार्च, गुरुवार

बाटलीकडे न बघता तांब्या उचलताना त्याच्या हातून पाणी सांडले. त्यालाच पुसायला लावले.

७ मार्च, शुक्रवार

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. वयाने माझ्या मुलासारखे. उपदेशात क्रियापदे विसरतात. बाटली पाहून थबकले.

"काका, रोज देवाला म्हणता, मोहापासून दूर ठेव. आणि भावापुढे मांडून ठेवता? आत ठेवा ती."

"साक्ष मला द्यायची आहे. न तपासता मी एक ओळही छापू दिलेली नाही."

त्यांनी धाकट्याकडे पाहिले. "तू कसा आहेस रे?"

"बाटलीशी ओळख झाली आता," तो म्हणाला. "ती बोलत राहते, मी ऐकून घेतो. अगदी दादासारखीच आहे."

दोघेही खो खो हसले — माझ्या घरात, माझ्या मेजाशी बसून. निघताना पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. मला नमस्कार केला.

मी कधी झिंगलो नाही. कधी गटारात पडलो नाही. त्याबद्दल मला कोणी कधी मिठी मारली नाही.

८ मार्च, शनिवार

त्याच्या बायकोने उद्यासाठी इस्त्री केलेला सदरा पाठवला. त्याने तो बराच वेळ नाकाशी धरला. मग न्हाव्याकडे दाढी करायला गेला, शीळ घालत.

बाटली काठोकाठ भरलेली. घरात मी आणि ती.

९ मार्च, रविवार

उपासनेत उभा राहिलो. हातात रिकामी बाटली. "माझ्या घरी ही रिकामी आढळली. मी साक्ष देऊ शकत नाही." दोन्ही वाक्ये निर्दोष होती.

धाकटा उठला. "दादा, माझ्या तोंडाचा वास घे. पाळकसाहेब, तुम्ही घ्या."

कोणी जागचे हलले नाही. त्याच्या तोंडाचा दारूचा वास पूर्वी सर्वांनी पुष्कळदा घेतला आहे. शेवटच्या बाकावर त्याची बायको होती. ती उठून गेली, दार न लावता.

दुपारी त्याने कपडे भरले. इस्त्रीचा सदरा मात्र खुर्चीवर ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. दारात म्हणाला, "प्रभू तुझी मदत करो."

मी वाक्य दुरुस्त केले नाही.

१० मार्च, सोमवार

पाळकसाहेब सांगून गेले. काल अंधार पडायच्या आत धाकटा गुत्त्यात सापडला. "काका, तुमचंच खरं ठरलं."

मोरीत आणखी दोन बादल्या पाणी ओतले. शनिवारी मी तिथे ओतलेल्या द्राक्षारसाचा वास अजून जात नाही.