साहेब उजवीकडेच बघतात

४ मार्च
साहेब उजवीकडेच का बघतात? मला माहीत नाही. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.

साहेब म्हणजे आमचं बाळ, वय अडीच महिने. मान डावीकडे कललेली, हनुवटी उजवीकडे, आणि नजर अशी की समोर कोणीतरी रजेचा अर्ज घेऊन उभं आहे. म्हणून मदतीला आलेल्या माझ्या आईने हे नाव ठेवलं. आज अंघोळीनंतर डोकं पुसताना हाताला लागलं, मागून उजवी बाजू चपटी झाली आहे.

नवरा म्हणाला, उद्याच डॉक्टरांना दाखवू. मी नाही म्हटलं. काही न वाचता डॉक्टरांपुढे बसणं म्हणजे पुस्तक न उघडता तोंडी परीक्षेला जाणं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माहिती कोणाची, कधीची, आणि सांगणारा काही विकतोय का ते आधी बघा, हे नव्या मुलांना दर वर्षी मीच शिकवते. संकल्प: आठ दिवसांत विश्वसनीय माहिती, मग डॉक्टर.

५ मार्च, सकाळ
अभ्यासाची जागा ठरली. पाळण्याच्या उजवीकडे खुर्ची, कारण प्लग तिकडेच आहे. लॅपटॉप मांडीवर. साहेब टक लावून माझ्याकडे बघत होते. ज्ञानाची ओढ आत्तापासून दिसते.

७ मार्च
पहिली साइट म्हणते, काळजी नको, आपोआप बरं होतं. दुसरी म्हणते, आपोआप बरं होईल म्हणून थांबू नका. तिसरीवर डोक्याला गोल आकार देणाऱ्या उश्या आहेत, दोन घेतल्यास तिसरी मोफत. एका डोक्याला तीन उश्या! पहिल्या दोन साइट्सचं काय करायचं ते ठरलेलं नाही. उशी मात्र बाद. एवढ्या लहान बाळाला झोपताना उशी देऊच नये असं दोन मोठ्या रुग्णालयांच्या पानांवर आहे, आणि ती काही विकत नाहीत. बघा, पद्धत काम करते.

९ मार्च
पालकांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. एक बाई म्हणाल्या, आमचाही असाच होता, आता इंजिनियर आहे. मानेचं काय झालं ते विचारलं तर म्हणाल्या, पॅकेज चांगलं आहे. एकाने विचारलं, ताई, बाबागाडी विकायची आहे का? ग्रुप सोडला.

संध्याकाळी परत गेले. कोणीतरी शहाणं उत्तर दिलं असलं तर?

११ मार्च
बाबांचा फोन. शेजारी विचारत होते म्हणे, नातवाच्या मानेचं काय? बाबांनी सांगितलं, आमची मुलगी त्याच विषयावर वाचतेय, काळजीचं कारण नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तेव्हापासून औषधाच्या बाटलीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं वाचायला माझ्याकडेच येतं, आणि मी सांगेन ते शेवटचं. आई पण म्हणते, तू वाचलंयस ना, मग झालं.

अभिमान वाटला. रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही. जेवण जड झालं असावं.

१३ मार्च
शोधनिबंध उघडला. मानेच्या स्नायूचं नाव मानेपेक्षा लांब आहे. एवढं कळलं की कधीकधी त्या स्नायूत गाठ लागते. आधी स्वतःची मान दाबली: गाठ आहे. नवऱ्याची दाबली: त्यालाही आहे. आईच्या मानेत दोन. साहेबांची मात्र तपासता आली नाही, गुदगुल्या होतात. म्हणजे सध्या घरात निरोगी असण्याची शक्यता असलेले तेवढेच.

१५ मार्च
मुदत संपून गेली आहे. वाढवून घेतली. (देणारीही मीच.) नवरा म्हणाला, तुझं वाचून होईपर्यंत तो कॉलेजात जाईल आणि स्वतःच वाचेल. आई पदराआड हसली. विषयाचं गांभीर्य कोणाला नाही.

डोक्याचा वरून फोटो काढून जुन्या फोटोशेजारी ठेवला. चपटेपणा वाढल्यासारखा दिसतो. उजेडाचा दोष.

१७ मार्च
खिडकीपाशी पुन्हा फोटो काढला. दोष उजेडाचा नाही.

एका व्हिडिओत बघून मान डावीकडे वळवून पाहिली. साहेब रडले. मी घाबरून सोडलं आणि मीही रडले. आई धावत आली. तिने मला दोष दिला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, बाळा, पुस्तकात काय सांगितलंय गं? या घरात बाकी सगळे ‘मला नाही बाई कळत’ असं सहज म्हणतात. माझ्या तोंडून ते निघेना. म्हटलं, वाचतेय.

पण ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी फोन उचलून उद्याची वेळ घेतली.

१८ मार्च
नवरा आणि आईला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले, हातात मोठी फाइल, रंगीत चिठ्ठ्या लावलेली. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि साहेबांशीच बोलत बसल्या. मान हळूहळू चाचपली, डोकं चारी बाजूंनी पाहिलं. मग विचारलं, घरी हा जागा असताना तुम्ही कुठे बसता? म्हटलं, उजवीकडे. काय करता? वाचते. काय वाचता?

हा उजवीकडेच का बघतो ते.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. नवऱ्याने भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला घेतला.

मग म्हणाल्या, मानेचा डावा स्नायू आखडला आहे, ते तुमच्यामुळे नाही. पण याला सगळ्यात आवडती गोष्ट तुम्ही रोज उजवीकडे नेऊन ठेवता. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवते, आपल्या मनाने मान ओढू नका. झोपवायचं पाठीवरच. जागा असला की पोटावर, तुम्ही समोर. मी विचारलं, उशीर झाला का? म्हणाल्या, नाही, वय लहान आहे. पण पहिल्याच दिवशी आला असतात तरी हेच सांगितलं असतं. अजून काही विचारायचंय?

फाइलमध्ये खूप होतं. मी म्हटलं, मला यातलं काहीच कळलं नव्हतं. मोठ्याने. आईसमोर.

बाहेर आल्यावर आईने फाइल माझ्या हातातून घेतली. म्हणाली, दे इकडे, जड आहे. आणि मग, हे आधी नाही का सांगायचंस, वेडे? मला वाटलं मला एकटीलाच भीती वाटतेय.

१९ मार्च, सकाळ
साहेब अजून उजवीकडेच बघताहेत, आता रिकाम्या भिंतीकडे. मी गाणं म्हटल्यावर डोळे जरा इकडे फिरले. मान नाही, नुसते डोळे. आई म्हणाली, साहेबांनी अर्ज वाचायला घेतला.

खुर्ची डावीकडे आणली आहे. इथे प्लग नाही.