वरची सळी

३ मार्च, मंगळवार

भेग आहे! गॅलरीत, भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सापडली सासूबाईंना. झाडताना केरसुणीची काडी अडकली.

"लोकांची घरं तपासतेस. जरा आपल्याही घरात ये."

म्हटलं, गिलाव्याची असेल. नवं घर थोडं अंग चोरतंच. हे वाक्य मी लोकांना नेहमी ऐकवते. हे म्हणाले, "ऐकून बरं वाटतं का त्यांना?"

वाटत नसावं.

घर पाच महिन्यांचं. माझ्या निवृत्तीला सहा उरले. एकतीस वर्षं बांधकाम तपासनीस — आणि माझ्या सहीच्या एकाही घराला कुणी नाव ठेवलेलं नाही. हे मी बोलून दाखवत नाही. इथे लिहायला हरकत नाही.

४ मार्च

भेगेत पोस्टकार्ड घातलं. सहज गेलं.

खाली जाऊन वर पाहिलं. खालची बाजू स्वच्छ, एक ओरखडा नाही. वर भेग, खाली काही नाही — हे मला आवडलं नाही.

सासूबाईंना कारण हवं होतं. त्यांना हात पुढे करायला लावला, मनगटात बटाट्यांची पिशवी अडकवली. "ओढ कुठे बसते?"

"खांद्यावर. वरच्या अंगाला."

"गॅलरीही भिंतीतून असाच हात पुढे करून उभी असते. म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात. खाली घालून उपयोग नाही."

"हे कळायला एकतीस वर्षं लागतात होय? काढ ती पिशवी!"

६ मार्च, शुक्रवार

कचेरीतून यंत्र आणलं. काँक्रीटच्या आत लोखंड असलं की ते वाजतं. गॅलरीच्या दारात, आतल्या बाजूला बसून हात लांब केला आणि वरून फिरवलं. गप्प. खाली येऊन काठीला बांधलं, दुरून खालच्या बाजूला लावलं. बोंबलायला लागलं.

सासूबाई खिडकीतून — "समोर गप्प आणि पाठीमागे बडबड. नवऱ्यावर गेलंय तुझ्या."

हे कुंड्या आत ओढत होते. ऐकलं नाहीसं दाखवलं.

दार लावलं, कडी घातली. संध्याकाळपर्यंत गॅलरीखाली टेकू उभे केले. सगळ्यांना उद्या बोलावलंय.

७ मार्च, शनिवार

तिघे आले. ठेकेदार, मिस्त्री आणि आमचा चष्मेवाला. चष्मेवाला शेजारच्या विभागाचा तपासनीस. स्वतःचं घर स्वतः तपासायचं नाही असा नियम, म्हणून माझं घर त्याच्याकडे होतं. तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम बांधकामावर गेले नव्हते. बरं दिसत नाही म्हणून.

चहा अंगणात. टेकू होते, तरी गॅलरीखाली उभं राहायला एकजण तयार होईना. निकाल तिथेच लागला.

ठेकेदार — "मॅडमचं घर! म्हटलं, मॅडम बघतीलच."

चष्मेवाला — "बाई, तुमच्या घरात मी काय काढणार? वाटलं, तुम्ही बघितलंच असेल. गाडीतूनच सही केली. खाली उतरलोसुद्धा नाही."

मी — "आणि मला वाटलं, तुम्ही बघाल."

वरून सासूबाई — "म्हणजे अख्ख्या गावात हे एकच घर कुणी बघितलं नाही!"

मिस्त्रीने मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. "सळ्या मी बांधल्या, ताई. पण वजन खालीच जातं ना? मग लोखंडही खाली. उस्तादानं असंच शिकवलं." त्यालाही पिशवी दिली. हात लांब करून बराच वेळ उभा राहिला. मग दुसऱ्या हाताने स्वतःचा खांदा चाचपला.

"अरेच्चा!"

सगळे हसलो. तोही. आठवड्याभरात पाडून नवी घालून देतो म्हणाला, तसं ठेकेदाराकडून लिहूनही घेतलं. चष्मेवाल्याने आपली सही रद्द करण्याचा अर्ज आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिला. हस्ताक्षर भयंकर. जाताना म्हणाला, "तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं."

ओरडावंसं वाटलंच नाही. चूक सापडली, वेळेत सापडली, कुणाला खरचटलंही नाही. छान झोप येणार.

९ मार्च, सोमवार

पाडकाम. धूळ डाळीच्या डब्यापर्यंत! सासूबाई नाकाला पदर लावून देखरेख करतात. मिस्त्री त्यांना "मुकादम" म्हणायला लागला. त्यांना ते आवडलंय.

दुपारी राडारोड्यावर बसून तो पाणी प्यायला. मजेत होता. "बरं झालं, ताई, या वयात का होईना, कळलं. पुढच्या वेळी वरच."

मी सहज विचारलं, "आणि आजवर?"

"खालीच की. तुमच्याच भागात सात झाल्या. तुमच्याकडून सगळ्या पास!"

कौतुकाने सांगत होता.

१० मार्च

सात फायली. सातही सह्या माझ्या.

चार वर्षांपूर्वी गुडघा धरला. शिडी नको वाटायची. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, त्रास कशाला, फोटो पाठवतो." काँक्रीट ओतण्याआधीचे फोटो. मी कचेरीत टेबलाशी बसून बघायची, सही करायची. आज पुन्हा पाहिले. सगळे वरून काढलेले. सळ्यांची जाळी वर बांधलेली असो की तळाशी पडलेली, वरून सारखीच दिसते. हे मला माहीत होतं. नवीन लोकांना मीच शिकवते.

चष्मेवाला निदान दारापर्यंत तरी गेला होता.

साहेबांना सांगितलं. ते मऊ बोलले. "सातही घरांना साध्या दुरुस्तीच्या नोटिसा काढू. गॅलरी वापरू नका, एवढंच. कारण कशाला लिहायचं? सहा महिने राहिलेत तुमचे. मानाने जा."

रात्रीची भाजी करपली. ह्यांनी विचारलं, "मग?"

"कारणाशिवायची नोटीस लोक ड्रॉवरमध्ये टाकतात. आणि गॅलरीत कपडे वाळत घालतात."

"बरं. मग?"

"नोटिशीत कारण लिहिणार. माझ्या नावासकट. आणि स्वतः नेऊन देणार."

सासूबाई उठल्या. तेलाची बाटली आणून माझ्या गुडघ्याशी बसल्या.

१२ मार्च, गुरुवार

पहिलं घर. दुसरा मजला, बत्तीस पायऱ्या. दार उघडणाऱ्या बाईने मला लगेच ओळखलं. "अगंबाई, मॅडम! तुमची सही होती म्हणून तर घेतलं हो हे घर! या ना — गॅलरीतच बसू, सगळे तिथेच आहेत."

म्हटलं, "आधी त्यांना आत बोलवा."